एसी किती टनाचा? आधी गच्चीवर जाऊन या

गेल्या अंकात ‘एसीबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा’ एवढी एक ओळ छापली होती. पत्रं आली आणि बहुतेकांचा प्रश्न एकच निघाला : किती टनाचा घेऊ? मी १९८४ साली नागपूरच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड पुरा केला. सात वर्षं तिथेच कुलर आणि विंडो एसी दुरुस्त केले. १९९१पासून डोंबिवलीत आहे. म्हणजे कोरडा उन्हाळा आणि घामट उन्हाळा, दोन्हीकडे हात काळे करून झाले आहेत. दुकान आता मुलगा बघतो. मी गल्ल्यावर बसतो आणि कोणी न विचारता सल्ले देतो. तुम्ही निदान विचारलंत तरी.

आमचा फ्लॅट सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर आहे. बेडरूम १० बाय १२, खिडकी पश्चिमेला. मिस्टर आठवड्यातले तीन दिवस याच खोलीत बसून ऑफिसचं काम करतात. दुकानदार म्हणतो दीड टन घ्या. भावजी म्हणतात, ‘वरचा मजला आहे, दोनच घ्या, नंतर पस्तावाल.’ याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मैत्रिणीच्या तेवढ्याच खोलीत एक टनाचा एसी मजेत चालतो. कोणाचं ऐकू?
*– एक वाचक, बदलापूर*

ताई, तुम्ही खोलीचं माप दिलंत, खिडकीची दिशा दिलीत, मिस्टरांच्या कामाचे दिवससुद्धा दिलेत. गच्चीबद्दल मात्र एक शब्द नाही. आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. वर पत्र्याची शेड आहे का? आपल्याकडे कल्याण-डोंबिवली-बदलापूर पट्ट्यात अर्ध्या सोसायट्यांनी गळतीला कंटाळून गच्चीवर शेड घातलेली असते. तुमच्याकडे ती असेल आणि चारी बाजूंनी वारा खेळत असेल, तर तुमचा सातवा मजला उन्हाच्या हिशेबाने जवळजवळ सहावाच झाला. मग मैत्रिणीच्या एक टनाशी तुमची तुलना रास्त आहे. शेड नसेल तर नाही.

शेड नाही असं धरून चालू. एक प्रयोग करा. मे महिन्यात रात्री दहा वाजता स्टुलावर उभ्या राहून तळहात छताला लावा. मी गिऱ्हाइकाला नेहमी हे करायला लावतो. माणूस हात झटकन मागे घेतो. बाहेर वारा सुटलेला असतो, भिंती निवलेल्या असतात, आणि छत मात्र इस्त्री नुकतीच बंद केल्यासारखं. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब दुपारचं ऊन पोटात घेतो आणि चार-पाच तासांनी खाली सोडायला लागतो, तो मध्यरात्र उलटेपर्यंत सोडतच राहतो. तुम्ही झोपायला येता नेमक्या त्याच वेळी.

आता खोलीत कुठून किती उष्णता येते त्याचा किराण्याच्या यादीसारखा हिशेब मांडू. आकडे ठोकळ आहेत, मी इंजिनिअर नाही, पण पस्तीस-चाळीस वर्षांत याच आकड्यांनी मला फारसं तोंडघशी पाडलेलं नाही. वेळ घेऊ दुपारी साडेचारची, कारण तुमच्या खोलीची खरी परीक्षा तेव्हा आहे. १२० चौरस फुटांचा उघडा स्लॅब : साडेसातशे वॉट. पश्चिमेची भिंत : तीनशे. खिडकी चार बाय सहाची धरतो, पडदा नसेल आणि ऊन थेट काचेवर असेल तर एकटीच हजारच्या वर. (खोलीत कोणी हजार वॉटचा हिटर लावून ठेवला तर आपण ओरडू. खिडकीला कोणी ओरडत नाही.) दोन मोठी माणसं आणि एक मूल मिळून तीनशे, माणूस नुसता बसला तरी शंभर वॉटच्या बल्बाएवढी ऊब टाकतो. लॅपटॉप, पंखा, दिवा : दीडशे. आतल्या भिंती आणि खालची लादी : अडीचशे. दार उघडतं-मिटतं, फटींतून दमट हवा येते, तिचे तीनशे. बेरीज एकतीसशेच्या आसपास.

एक टन म्हणजे कागदावर ३५१६ वॉट उष्णता बाहेर काढायची ताकद. तुमची गरज एकतीसशे. म्हणजे एक टन पुरतो की! पण थांबा. दुकानात ज्यावर ‘एक टन’ लिहिलंय त्याच्या बीईईच्या (वीजबचतीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) स्टार-लेबलवर बारीक अक्षरांत वॉट छापलेले असतात. ते वाचा. बऱ्याचदा ३३००-३४०० निघतात. तसंच ‘दीड टन’ म्हणून विकलं जाणारं मशीन हिशेबाने ५२७५ वॉटचं हवं, पण लेबलवर ४८००, ५००० असे आकडे दिसतील. यात फसवणूक नाही, लेबलवर खरं लिहिलेलंच असतं. आपण मोठ्या अक्षरातला टन वाचतो आणि बारीक अक्षरातला वॉट सोडतो. शिवाय तो आकडा बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. तुमच्याकडे एप्रिल-मेत पारा सहज चाळिशीला टेकतो, तेव्हा मशीन थोडं कमीच देतं. म्हणजे साडेचारला, तापलेल्या खोलीत, एक टनाच्या हातात काहीच शिल्लक राहत नाही. तेव्हा दुकानदार दीड म्हणाला यात त्याची लबाडी नाही. तो तुमची खोली न बघता बोलला आणि योगायोगाने जवळपास बरोबर बोलला.

भावजी मात्र चुकले. दोन टन नको म्हणजे नको. का, ते खालच्या पनवेलच्या पत्रात आहे.

पण मला विचाराल तर मी दीडही लगेच घेणार नाही. मी आधी त्या बेरजेतले दोन सगळ्यात जाड आकडे कापीन. खिडकीला आतून पडदा लावला तर थोडा फरक पडतो, कारण ऊन तोवर काच ओलांडून घरात आलेलं असतं. ते बाहेरच अडवायचं. बाहेरून बांबूची चटई सोडा, हिरवी जाळी बांधा, नाहीतर छोटा छज्जा काढा. हजारातले सहा-सातशे तिथेच गेले. स्लॅबवर पांढरं काहीतरी हवं. चायना मोझॅक असेल तर उत्तमच, पण ते महाग आणि गच्चीवर वजन. परावर्तक पांढरा रंग मिळतो. तेही नको असेल तर चुना आणि फेविकॉल कालवून दोन हात. एक पावसाळा जेमतेम टिकतो, दर मार्चला पुन्हा द्यावा लागतो, पण स्वस्त आहे. साडेसातशेचे चारशे होतात. गच्ची सोसायटीची असते, तेव्हा सेक्रेटरींना अर्ज करून परवानगी घ्या. ‘माझ्या खर्चाने करते’ म्हटल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आता बेरीज पुन्हा करा. एकविसशेच्या आसपास येते. एक टनाचा इन्व्हर्टर एसी दुपारी आरामात, रात्री झोपेत चालेल. वर दर महिन्याचं बिल कमी, आणि महावितरणच्या १०० युनिटच्या पुढे, ३०० च्या पुढे दर कसा वाढतो हे तुम्हाला मी सांगायला नको. सोसायटीने परवानगी दिलीच नाही आणि खिडकीही तशीच राहणार असेल, तर दीड टन इन्व्हर्टर. इन्व्हर्टरच घ्या म्हणतोय कारण तो गरज कमी झाली की स्वतःची गती कमी करतो, म्हणून अर्ध्या टनाची चूक थोडीफार पोटात घालतो. साधा फिक्स स्पीडवाला घालत नाही.

मागच्या दिवाळीत एक्स्चेंज ऑफरमध्ये दोन टनाचा साधा (इन्व्हर्टर नसलेला) स्प्लिट घेतला. खोली ११ बाय ११, मधला मजला. पाच मिनिटांत गार होतं, पण अंग चिकट राहतं. चादरी ओलसर लागतात. सकाळी खोलीला कुबट वास. सर्व्हिसवाला दोनदा येऊन गेला, म्हणतो मशीन झकास आहे.
*– पनवेल*

सर्व्हिसवाला खरं बोलतोय. मशीन झकासच आहे, खोलीला ते झेपत नाहीये.

घड्याळ घेऊन बाहेरच्या युनिटजवळ उभे राहा. माझा अंदाज, कॉम्प्रेसर चार-पाच मिनिटं चालून बंद पडत असेल, सात-आठ मिनिटांनी पुन्हा सुरू होत असेल. आता आत काय होतं ते बघा. खोलीतली दमट हवा गार कॉइलवर आपटते आणि तिच्यावर दव धरतं, उन्हाळ्यात गार पाण्याचा तांब्या बाहेर घामेजतो तसं. ते दव थेंब होऊन, ओघळून, ट्रेमध्ये पडून पाइपातून बाहेर जायला वेळ लागतो. तुमचं मशीन एवढं दांडगं की दव धरतंय तोवरच तापमान उतरतं, कॉम्प्रेसर थांबतो. पण आतला पंखा चालूच! तो ओल्या कॉइलवरून वारा फिरवतो आणि सगळं दव पुन्हा तुमच्या खोलीत. पाणी बाहेर जातच नाही. तुम्ही गार डबक्यात झोपता.

पाइपाखाली बादली ठेवून बघा. जूनमध्ये आपल्या किनारपट्टीवर योग्य मापाचा एसी जोरात चालत असेल तर तासाला लिटरभर पाणी सहज देतो. तुमच्या बादलीत रात्रभरात तांब्याभर निघालं तर निदान पक्कं.

एसी हे मुळात गारव्याचं यंत्रच नव्हतं, ओल घालवायचं यंत्र होतं, हे फार जणांना माहीत नसतं. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्याचा कागद दमट हवेने फुगायचा. रंगीत छपाईत एक रंग छापून दुसरा छापेपर्यंत कागद हलका वाढलेला असायचा, चित्रं फाटल्यासारखी दिसायची. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने त्यावर उपाय म्हणून यंत्रणा आखली, तिथून हे सगळं सुरू झालं. आपल्या मासिकाच्या छपाईवाल्यांना पावसाळ्यात कागदाचे काय हाल होतात ते विचारा, ते तासभर बोलतील.

तुमच्यापुरतं सांगायचं तर : पंख्याचा वेग सगळ्यात कमी करा, तापमान २६, आणि रिमोटवर थेंबाचं चित्र असतं तो ‘ड्राय’ मोड पावसाळ्यात वापरा. फरक पडेल, दुखणं जाणार नाही. घरात हॉल मोठा असेल आणि तिथे एसी नसेल तर हे मशीन हॉलमध्ये हलवा आणि बेडरूमला एक टन घ्या. हलवताना पाइपांत व्हॅक्यूम पंप लावून हवा काढायला लावा, नुसता गॅस फुसकारून ‘झालं साहेब’ म्हणणाऱ्याला परत पाठवा.

रिमोटवर १८ ठेवलं की खोली लवकर गार होते असं मुलगा म्हणतो, हे बरोबर का? माझं ऐकत नाही.
*– एक आजी, ठाणे*

आजी, नाही होत. रिक्षावाल्याला ‘ठाण्याला चल’ सांगितलं काय आणि ‘कसाऱ्याला चल’ सांगितलं काय, तो तेवढ्याच वेगाने निघणार. फक्त ठाण्याला थांबणार नाही. १८ लावलं की मशीन थांबत नाही, एवढंच. २०२०पासून स्टारवाले नवे एसी मुळातच २४ वर लावून येतात, तिथेच राहू द्या. एक अंश वर नेला की विजेत साधारण सहा टक्के वाचतात असं बीईई सांगते. वर पंखा हळू चालू ठेवला की २६ लाही छान झोप लागते. आणि १८ लावून गोधडी पांघरणाऱ्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

हॉल २० बाय ११, त्याला लागून ओपन किचन, समोर बेडरूमचं दार. हॉलमध्ये एकच दोन टनाचा लावला आणि बेडरूमचं दार उघडं ठेवलं तर दोन्हीकडे काम भागेल का? दोन एसींचं बजेट नाही.
*– पुणे*

भागणार नाही. गार हवा जड असते, ती खाली बसते आणि आळशी असते. समोरच्या भिंतीपर्यंत जाईल, कोपरा वळून दारातून आत जाणार नाही. बेडरूममध्ये दाराजवळ पाय गार, पलंगावर घाम. मी हा उद्योग गिऱ्हाइकांच्या हट्टाने तीनदा करून दिलाय आणि तिन्ही ठिकाणी दुसऱ्या उन्हाळ्यात बेडरूमला वेगळा एसी लावायला मलाच बोलावलंय. बजेट एकाचंच असेल तर बेडरूमला एक टन लावा आणि हॉलला पंखा. झोप महत्त्वाची.

ओपन किचनबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण पुण्यात आता सगळे फ्लॅट तसेच. गॅसचा मोठा बर्नर पेटला की दोन किलोवॉटच्या आसपास उष्णता टाकतो. पोळ्यांचा तवा तापलेला असताना तुम्ही हॉलमधला एसी लावला तर अर्ध्या टनाहून जास्त थंडावा त्या एका बर्नरशी भांडण्यात जातो. चिमणी लावा तर ती तव्याच्या वाफेबरोबर तुम्ही पैसे देऊन गार केलेली हवाही बाहेर ओढते. तेव्हा हॉलसाठी टनाचा हिशेब करताना किचन धरायचं की नाही, हा प्रश्न तुमचा स्वयंपाक किती वाजता असतो यावर आहे. स्वयंपाक उरकून, चिमणी पाच मिनिटं चालू ठेवून, मग एसी लावणारं घर असेल तर २२० चौरस फुटांच्या हॉलला दीड-पावणेदोन टन पुरे. संध्याकाळी सातला एसीही हवा आणि तवाही हवा, तर दोन टनही कमी पडेल आणि त्याला एसीची चूक म्हणता येणार नाही.

दीड टनाचा एसी सहा वर्षं छान चालला. या वर्षी दुपारी खोली गारच होत नाही, मधेच बंद पडतो. गॅस भरून घेतला, दोन दिवस बरा वाटला, पुन्हा तेच. आता दोन टनाचा घ्यावा का?
*– नाशिक*

खोली तीच, खिडकी तीच, माणसं तीच, आणि सहा वर्षं पुरलेलं मशीन एकदम छोटं कसं होईल? नवीन घेण्याआधी बाहेरचं युनिट बघा.

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या घरची आहे, त्यामुळे हसायला मोकळीक. आमच्या घरात आउटडोअर ड्राय बाल्कनीत आहे. एका मे महिन्यात तो तुमच्यासारखाच दुपारी तीनला बंद पडायला लागला. मी गेज लावला, प्रेशर वेडंवाकडं, म्हणून गॅस काढून पुन्हा भरला. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा भरला. धंद्यात तीस वर्षं झालेला माणूस हे करतोय! शेवटी बायकोने विचारलं, ‘तो कापडाचा पडदा काढू का तिथला?’ कबुतरं येतात म्हणून तिने ग्रिलला आतून जाडं ताडपत्रीसारखं कापड शिवून लावलं होतं, आणि खाली जुन्या पेपरांची रद्दी रचली होती. युनिट स्वतःचीच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढत होतं. त्या बाल्कनीत मी हात घातला तेव्हा पन्नास अंशाच्या वर असेल. कापड काढलं, त्याच दिवशी दुपारी खोली गार.

तेव्हा आधी युनिटच्या समोर दोन-तीन फूट मोकळं आहे का बघा. मागच्या जाळीत धूळ, कबुतराची पिसं, काड्या असतील तर पाण्याच्या साध्या धारेने धुऊन घ्या, प्रेशर गनने नाही, पत्र्याच्या पात्या मुडपतात. आतले फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली. आणि एक कायमचं डोक्यात ठेवा : एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता जो भरतो तो पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक पक्कं करतोय.

चाळीत आठ बाय तेरा फुटांच्या खोलीत एसी लावायचा आहे. वायरिंग जुनं आहे. चालेल का?
*– लालबाग, मुंबई*

मापाला एक टनाच्या आतलाच, पाऊण टनाचा पुरेल, वर पोटमाळा असेल तर आणखीच निवांत. वायरिंगला नाही चालणार. पंख्याच्या वायरवर एसी लावू नका, हात जोडून सांगतो. मीटरपासून वेगळी तांब्याची लाइन, चार एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी, आणि अर्थिंग खरं आहे का ते टेस्टरने बघून. मंजूर भार किती आहे ते बिलावर वाचा. खर्चाचा क्रम आधी वायर, मग एसी.

आम्ही दरवर्षी वाळ्याचा कुलर लावतो. या वर्षी मुलं एसी मागतात. कुलर आणि एसी दोन्ही एकदम लावले तर लहान टनाचा एसी भागेल का?
*– अकोला*

माझ्या माहेरच्या बाजूचं पत्र! म्हणजे मी पुरुष आहे, पण नागपूर-अकोला मला माहेरच.

दोन्ही एकाच खोलीत कधीच नको. कुलर हवेत पाणी घालतो, एसी हवेतलं पाणी काढतो. तुम्ही एकाच्या तोंडाने ओतणार आणि दुसऱ्याच्या तोंडाने उपसणार, बिल दोन्हींचं भरणार. शिवाय कुलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद.

कुलरला कमी लेखू नका. मे महिन्यात अकोल्यात दुपारी पारा ४४ वर आणि हवा ठणठणीत कोरडी असते, तेव्हा चांगल्या जाळीचा, पाणी नीट सुटणारा कुलर २८-२९ अंशाचा वारा देतो, आणि वीज एसीच्या सातव्या-आठव्या हिश्शात. हीच जादू डोंबिवलीत चालत नाही. मी १९९१ला इथे आलो तेव्हा नागपूरहून कुलर घेऊन आलो होतो, पहिल्याच आठवड्यात कपाटातल्या चपलांना बुरशी आली. तुमच्याकडेही मृगाचा पाऊस पडला की कुलर घामच देतो. एसीची खरी गरज तुम्हाला तेव्हापासून पुढे आणि रात्रीची.

मापाचं म्हणाल तर विदर्भात मी मुंबईपेक्षा एक पायरी वर जातो. बाहेर ४५ अंश असताना ३५ अंशाला मोजलेलं मशीन दहा-पंधरा टक्के कमी देतं. १० बाय १२ ची खोली वरच्या मजल्यावर असेल तर सरळ दीड टन घ्या, आणि लेबलवर पाच हजाराच्या आसपास वॉट आहेत का बघा. खोली खालच्या मजल्यावर असेल तर एक टन. आउटडोअर उत्तरेच्या भिंतीवर, जमलं तर कडुनिंबाच्या सावलीत. पत्र्याच्या छपरावर ठेवू नका, खालून भाजतो. आणि कुलर विकू नका. एप्रिल-मे त्याचे, जून ते सप्टेंबर एसीचे.

एसी दीड टनाचा असतो म्हणजे त्याचं वजन दीड टन असतं का? मग तो भिंतीवरून पडत कसा नाही?
*– इयत्ता सहावी, सांगली*

शाबास. हा प्रश्न मला आयटीआयमध्ये विचारायची लाज वाटली होती.

विजेचे एसी यायच्या आधी गारवा म्हणजे बर्फ. १८३३ साली तर अमेरिकेहून जहाजात भुशात गुंडाळून बर्फ कलकत्त्याला आला होता, पुढे मुंबईतही येऊ लागला. त्यामुळे यंत्रं आली तेव्हा लोकांनी विचारलं, हे यंत्र किती बर्फाचं काम करतं? एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी जे यंत्र एका दिवसात खोलीतून बाहेर काढतं, ते एक टनाचं. हा टन अमेरिकेतला, २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. तुमच्या घरी दीड टनाचा असेल तर किती किलो बर्फ झाला ते तू काढ.

आणि वजन म्हणशील, तर आतला भाग दहा-अकरा किलोचा असतो, म्हणून भिंतीवर राहतो. बाहेरचा तीस किलोच्या आसपास. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो चार मजले चढवताना दीड टनाचाच वाटतो.